विजेचें ओझें आणि विजेचा निरोप



गेल्या आषाढांत, एका भर पावसाच्या संध्याकाळीं, आमच्या शेजारच्या घरची मुलगी दोन जाडजूड पुस्तकें छत्रीखालीं सांभाळीत माझ्याकडे आली. ती येथील तंत्रनिकेतनांत दुसऱ्या वर्षाला आहे. एका पुस्तकाचा विषय विद्युत्-यंत्रें, दुसऱ्याचा संदेशवहन. दोन्ही माझ्यापुढें ठेवून ती म्हणाली, "आजोबा, या दोन्ही पुस्तकांतली वीज एकच ना? मग एका पुस्तकांत ती आगगाडी ओढते आणि दुसऱ्यांत नुसती बोलते, असें कां? ओढणाऱ्या विजेला बोलतां येत नाहीं आणि बोलणारीला ओढतां येत नाहीं, असें कांहीं आहे का?"

माझें स्वतःचें शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचें. जन्मभर प्राथमिक शाळांतून गणित व सामान्य विज्ञान शिकविलें. विजेशीं माझा परिचय म्हणजे पाठ्यपुस्तकांतील दोनतीन धडे आणि बिघडलेले रेडिओ उघडून बसण्याचा छंद, एवढाच. तेव्हां 'बाळ, हें तुझ्या अध्यापकांना विचार' हें वाक्य अगदीं जिभेवर आलें होतें. तें मीं गिळलें, त्याला एक जुनें कारण आहे; आणि तें आधीं सांगितल्याशिवाय पुढें जाणें मला बरें वाटत नाहीं.

१९८५ च्या सुमारास मी चिपळुणाच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेल्या एका शाळेंत सातवीला शिकवीत होतों. शाळेच्या अंगणांतून पाहिलें कीं, पोफळीच्या वीजघराकडून निघालेल्या तारा उंच लोखंडी मनोऱ्यांवरून डोंगरापलीकडे गेलेल्या दिसत. कोयनेची ही वीज १९६२ सालीं प्रथम सुरू झाली. धरणाचें पाणी बोगद्यांतून येऊन डोंगराच्या पोटांतील यंत्रांवर कोसळतें, यंत्रें फिरवितें आणि पुढें वाशिष्ठी नदीला मिळून समुद्राला जातें. हें सारें आमच्या मुलांना पाठ होतें. कित्येकांचे वडील तेथें कामाला होते. त्या दिवशीं मीं फळ्यावर लिहिलें कीं, आपल्या घरांतील विजेचा प्रवाह उलटसुलट वाहणारा असून तो एका सेकंदांत पन्नास वेळां पुढें जातो व पन्नास वेळां मागें येतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, कोयनेचें पाणी खालीं येतें तें परत वर जात नाहीं. वीज मात्र जेवढी पुढें जाते तेवढीच मागें येते, असें आपण म्हणतां. मग मुंबईला पोंचतें काय?"

मला उत्तर येत नव्हतें, आणि 'येत नाहीं' असें म्हणण्याचें धैर्यही नव्हतें. "पुस्तकांत आहे तेवढें लिही, फार शहाणपणा नको," असें मी म्हणालों. वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला. तो हुशार होता. विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें पुढेंही नेमकीं देत असे. परंतु त्या वर्षीं त्यानें मला पुन्हां एकही प्रश्न विचारला नाहीं.

म्हणून या मुलीला मी म्हणालों, "आपण दोघे मिळून पाहूं. पण आधीं एका मुलाचा प्रश्न राहिला आहे, तेथून आरंभ करूं." त्यानंतर तीन महिने, बहुधा दर रविवारीं, आमची ही शाळा भरली. गणित तिनें समजावून द्यावें आणि दाखला मीं शोधावा, अशी वांटणी ठरली.

त्या मुलाच्या प्रश्नाचा दाखला माझ्या आईच्या स्वयंपाकघरांत होता. ताक घुसळतांना रवीच्या दोरीचीं दोन टोंकें दोन हातांत धरतात. उजवा हात मागें आला कीं डावा पुढें जातो, डावा मागें आला कीं उजवा पुढें जातो. दोरी कोठेंच जात नाहीं. घुसळण्याच्या आरंभीं जेथें होती तेथेंच ती शेवटींही असते. तरी डेऱ्यांत लोणी येतें. तें दोरींतून वाहत आलेलें नसतें. हातांच्या जोरानें तें निघतें, आणि दोरी तो जोर पोंचविते. तांब्याच्या तारेंतील इलेक्ट्रॉनांचें, म्हणजे विद्युत्कणांचें, असेंच आहे. मुलीनें वहींत हिशेब करून दाखविला कीं, घरच्या पंख्याच्या तारेंत प्रवाहामुळें हा कण मागेंपुढें सरकतो तो एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी! पोफळीचा कण मुंबईस कधींच जात नाहीं. मुंबईस पोंचतो तो ढकलण्याचा जोर, आणि तो मात्र तारेच्या भोंवतालच्या क्षेत्रांतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें धांवतो. रवी दोरी इकडे ओढली तरी घुसळते आणि तिकडे ओढली तरी घुसळते. तशीच पाणी तापविणारी विजेची कांब प्रवाह पुढें जातांनाही तापते आणि मागें येतांनाही तापते.

एवढें साधें उत्तर इतकीं वर्षें माझ्या घरांत खुंटीला टांगलेलें होतें, आणि मला तें दिसलें नव्हतें.

पुढचा प्रश्न तिच्या यंत्रांच्या पुस्तकांतला. रवीसुद्धां मागेंपुढेंच फिरते. मग पंखा एकाच दिशेनें कसा फिरत राहतो? याकरितां पायानें चालविण्याचें शिवणयंत्र पाहावें. पायाखालची फळी नुसती खालींवर होते. चाक मात्र गरगर फिरतें. पण आरंभीं शिंपी हातानें चाकाला थोडी गति देतो. ती न देतां फळी दाबली तर चाक एक तर अडून बसतें, नाहींतर उलट फिरून दोरा तोडतें. विजेच्या पंख्याची हीच अडचण आहे. एकाच वेटोळ्यांतून उलटसुलट प्रवाह सोडला तर त्याचें चुंबकत्व जागच्या जागीं उलटसुलट होत राहतें; तें फिरत नाहीं, आणि पंखाही घोंघावत उभा राहतो. म्हणून पंख्यांत दुसरें वेटोळें घालतात, आणि त्याच्या वाटेंत, आपले वायरमन ज्याला कंडेन्सर म्हणतात, ती डबी बसवितात. तिच्यामुळें दुसऱ्या वेटोळ्यांतला प्रवाह पहिल्याच्या सुमारें पाव आवर्तन पुढें राहतो. एक जोर ओसरूं लागला कीं दुसरा भरांत येतो. दोहोंचें मिळून जें चुंबकत्व होतें तें फिरूं लागतें व पंख्याला बरोबर घेऊन जातें. जात्यावर समोरासमोर दोघी बसल्या म्हणजे एकीचा हात सैल पडतो तेथें दुसरीचा ओढूं लागतो, तसें. हें फिरतें चुंबकत्व इटलींत गॅलिलिओ फेरारिस यांनीं व अमेरिकेंत निकोला टेस्ला यांनीं स्वतंत्रपणें साधलें. दोघांचेंही काम १८८८ सालीं प्रसिद्ध झालें.

योगायोग असा कीं, त्याच आठवड्यांत आमच्या माजघरांतला पंखा रुसला. बटण दाबलें कीं नुसता घोंघावे; काठीनें पातें ढकललें कीं फिरूं लागे. मुलगी म्हणाली, "कंडेन्सर गेला." वायरमनानें येऊन तेंच सांगितलें व डबी बदलली. तिला झालेला आनंद परीक्षेंत पहिलें आल्याच्या आनंदाहून कमी नव्हता. ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र बजावून ठेवतों कीं, ही डबी बटण बंद केल्यावरही वीज धरून बसूं शकते. तिला हात लावण्याचें काम वायरमनावर सोंपवावें.

यंत्रांचें पुस्तक असें पुढें सरकत होतें. संदेशांचें तसेंच पडून होतें. दोहोंची गांठ आम्हांला मायकेल फॅरडे याच्या एका प्रयोगांत सांपडली. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करीत असतां, बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून शिकला. गणित त्याला फारसें येत नसे. हें वाचून मला थोडा धीर आला, हें कबूल करतों. २९ ऑगस्ट १८३१ या दिवशीं त्यानें जो प्रयोग टिपून ठेवला तो असा: लोखंडाच्या एका कड्यावर दोन बाजूंस दोन वेटोळीं गुंडाळलेलीं; एका वेटोळ्याला बॅटरी, दुसऱ्याच्या तारेजवळ एक चुंबकसूची. बॅटरी जोडली त्या क्षणीं सूची हालली आणि पुन्हां स्वस्थ झाली. प्रवाह एकसारखा वाहत होता तोंवर सूची ढिम्म. बॅटरी तोडली त्या क्षणीं ती पुन्हां हालली. पलीकडच्या वेटोळ्याला प्रवाह असल्याचें कांहींच वाटत नाहीं. प्रवाह बदलल्याचें मात्र तत्काळ कळतें. आपल्या रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे हेंच कडें, मोठें केलेलें. आणि सूचीची ती हालचाल हा एका अर्थी निरोपच होता, कीं पलीकडे कोणी तरी आतांच बॅटरी जोडली. ओझें वाहणें आणि निरोप सांगणें हीं दोन्ही कामें त्या एका कड्यांत शेजारीं शेजारीं होतीं.

मग भेद कशांत? येथें आमचें घोडें पुष्कळ दिवस अडलें, आणि सुटलें तें माझ्या आजीच्या आठवणीनें. आजी जात्यावर दळतांना ओवी म्हणत असे. दळणाला सारें अंग लागे. ओवीला श्वास पुरे. पीठ जात्यापाशींच राही. ओवी आळीच्या टोंकापर्यंत जाई.

यंत्राच्या बाबतींत आपण विचारतों कीं, जेवढें दिलें त्यांतलें पोंचलें किती? दूर न्यावयाच्या विजेचा दाब कित्येक लक्ष व्होल्टांपर्यंत चढवितात तो याच हिशेबासाठीं. दाब दहापट केला म्हणजे तेवढ्याच कामाला प्रवाह एकदशांश पुरतो, आणि तार तापण्यांत वायां जाणारी वीज शंभरावा हिस्सा होते. शंभरांतले पन्नास भाग वाटेंत गळूं लागले तर वीजघराचें दिवाळें वाजेल. निरोपाचा हिशेब अगदीं निराळा. या क्षणीं माझा आवाज आपण ऐकत आहां. प्रक्षेपकाच्या मनोऱ्यावरून निघालेली शक्ति चोहोंकडे पसरते. तिच्यांतला जो अंश आपल्या रेडिओच्या वांट्याला येतो तो एका वॅटच्या दशलक्षांश भागाहूनही पुष्कळ लहान असतो. बाकीची सारी झाडांवर, भिंतींवर, डोंगरांवर वायां गेली. तरी माझें वाक्य आपल्याला दशलक्षांश पोंचलें असें होत नाहीं, पुरतें पोंचतें. कारण अंश कितीही लहान असला तरी त्याचे चढउतार तेच असतात, आणि वाक्य म्हणजे ते चढउतारच. कानाला ऐकूं येण्याजोगा जोर त्यांना आपला रेडिओ घरच्या विजेंतून किंवा आपल्या सेलांतून देतो.

आतां एखाद्या ट्रान्सफॉर्मरखालून जाऊन पाहा. गुंगुं असा आवाज अखंड चाललेला असतो. पन्नास आवर्तनांच्या विजेनें लोखंडाला सेकंदाला शंभर कंप सुटतात, त्याचा तो आवाज. तिकडे कोणी कान देत नाहीं. पण तो थांबूं द्या, कीं साऱ्या आळींत "वीज गेली!" म्हणून ओरडा होतो. चालू असतांना त्यांत बातमी नव्हती. बंद पडला ही बातमी झाली. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानें १९४८ सालीं याचें गणित मांडलें. जें आधींच ठाऊक होतें तें पुन्हां कळलें तर बातमी शून्य. जितकें अनपेक्षित कळेल तितकी बातमी अधिक. त्याचीं समीकरणें मला समजलीं असें म्हणणार नाहीं. परंतु त्यांतलें मर्म आपल्या लोकांना तार करतांना पूर्वींच कळलें होतें. तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून वाचणाऱ्याला जें आपोआप कळेल तें सारें गाळून चारपांच शब्दांत मजकूर बसवीत. जें ओळखतां येतें तें पाठविण्याचें कारण नाहीं. जें ओळखतां येत नाहीं तें मात्र एक अक्षरही गळतां कामा नये. आपल्याकडे १८५१ सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली तार सुरू झाली, आणि जुलै २०१३ मध्यें ती सेवा बंद झाली. दारांत तारवाला उभा राहिला कीं पाकीट फोडण्यापूर्वींच घरांतल्या बायकांच्या छातींत धस्स होई, तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना शॅननचें म्हणणें निराळें समजावून द्यावयास नको.

हें सारें मुलीला पटलें, पण तिनें आपला मूळ प्रश्न सोडला नव्हता. "म्हणजे बोलणारी वीज ओढूं शकते कीं नाहीं?" माझ्या माळ्यावर जुन्या रेडिओंचे दोन लाउडस्पीकर पडून होते. लाउडस्पीकरच्या पोटांत एक लोहचुंबक, त्याच्या खांचेंत एक हलकें वेटोळें आणि वेटोळ्याला चिकटविलेला कागदाचा शंकु असतो. वेटोळ्यांत प्रवाह आला कीं शंकु हालतो; म्हणजे ही मोटार झाली. उलट शंकु हालविला कीं वेटोळ्यांत प्रवाह येतो; म्हणजे हाच डायनॅमो झाला. आम्हीं एक स्पीकर ओटीवर ठेवला, एक परसदाराच्या खोलींत, आणि मध्यें दोन तारा ओढल्या. बॅटरी नाहीं, घरची वीज नाहीं, कांहीं नाहीं. मी कागदाला कान लावून बसलों. पाऊस थांबलेला होता म्हणून बरें. आवाज आला तो अगदीं बारीक, विहिरीच्या तळांतून यावा तसा, पण शब्द न् शब्द कळला: "आजोबा, ऐकूं येतें का?"

ग्रॅहॅम बेल यांनीं १८७६ सालीं टेलिफोनचें पेटंट घेतलें. १८७७ सालीं लोकांच्या वापरांत आलेले त्यांचे पहिले टेलिफोन असेच बिनबॅटरीचे होते. एकच उपकरण तोंडाशीं धरून बोलावयाचें आणि कानाशीं धरून ऐकावयाचें. बोलणारा मनुष्य आपल्या श्वासानें एक इवलासा डायनॅमो चालवी, आणि ऐकणाऱ्याच्या कानाशीं इवलीशी मोटार चाले. बोलणारी वीज ओढीत होतीच; पण तिनें ओढावयाचें तें पत्र्याचा पातळ पडदा आणि त्याच्यापुढची चिमूटभर हवा. हें कळल्यावर मुलगी उठून घरीं गेली आणि भावाच्या मोडक्या खेळण्यांतल्या दोन चिमुकल्या मोटारी घेऊन आली. त्याही तशाच दोन तारांनीं जोडल्या. एकीचा आंस बोटांनीं झर्रकन फिरविला कीं दुसरीचा जरासा हाले. "हें यंत्र कीं निरोप?" असें तिनें विचारलें. मीं तिला उलट विचारलें कीं, तिकडे बसून मी तुझ्या बोटाची चाहूल घेत असलों तर? ती हंसली आणि दोन्ही पुस्तकें एकावर एक ठेवून निघून गेली.

एक गोष्ट राहिली. निरोपाला अंतरापेक्षां शेजाऱ्याच्या गडबडीचें भय अधिक, आणि हा शेजारी बहुधा यंत्रच असतो. घरांत बटण दाबलें कीं मध्यमलहरींच्या रेडिओंत कट् असा आवाज येतो, तो आपण ऐकला असेल. बटणांत उडालेली ती बारीक ठिणगी एक बिनतारी लहर सोडते. १८८७-८८ त हाइन्रिख हर्ट्झ यानें अशाच ठिणगीनें खोलीच्या एका बाजूस लहरी उत्पन्न केल्या व दुसऱ्या बाजूस पकडल्या. आपलें बटण तो प्रयोग रोज करतें. मुंबईंत विजेची आगगाडी १९२५ सालीं धांवूं लागली, ती एकाच दिशेनें वाहणाऱ्या १५०० व्होल्टांच्या विजेवर. पुढें ती जाऊन २५००० व्होल्टांची उलटसुलट वीज आली; उपनगरी मार्गांवर हें काम २०१६ पर्यंत चाललें. अशा मार्गाच्या कडेनें टेलिफोनची उघडी तार गेली असेल तर फॅरडेच्या कड्याप्रमाणें तिच्यांत आपोआप वीज उत्पन्न होते, आणि बोलणें त्या गुणगुणींत बुडून जातें. म्हणून तेथें निरोपाच्या तारा धातूच्या वेष्टनांत घालून जमिनींत पुरतात. आणि टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींस दोरखंडासारखा पीळ देऊन नेतात, त्याचें कारण तर फारच सुंदर आहे. पीळ असल्यामुळें बाहेरची गडबड दोन्ही तारांना सारखीच लागते, आणि ऐकणारें यंत्र दोन तारांतला फरक तेवढा ऐकतें. सारखें असेल तें वजा जातें, निरोप उरतो.

हें भाषण करावयाचें ठरलें तेव्हां मुलगी म्हणाली, "आजोबा, त्या मुलालाही सांगा." तो मुलगा आतां पन्नाशी ओलांडून गेला असेल. कोठें असतो तें मला ठाऊक नाहीं; या क्षणीं त्याच्या घरीं रेडिओ चालू आहे कीं नाहीं, हें कळण्याचाही मार्ग नाहीं, कारण या यंत्रावरून मला नुसतें बोलतां येतें. तरी सांगतों. बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. वीज जेवढी पुढें जाते तेवढीच मागें येते, हेंही तुझें बरोबर. मुंबईला पोंचतो तो कोयनेच्या पाण्याचा जोर. त्या दिवशीं मला हें उत्तर येत नव्हतें.